पेव

पिवळा रंग आमच्या घरात पाहुणा कधीच नव्हता.
मार्केट यार्डातून आले की हे उंबऱ्याबाहेर सदरा झटकायचे.
साबण लागला की हळद उलट लाल होते,
ती फक्त उन्हाला ऐकते.
तीस वर्षं मी कॉलरी, बाह्या, उशांचे अभ्रे
उन्हात टाकत आले.

म्हणून डोळे पिवळे झाले
ते मला दिसलंच नाही.
थोरल्या सुनेला दिसलं. ती चिपळूणची,
तिची नजर अजून सांगलीला सरावली नव्हती.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तेच विचारलं, पिता का?
हे हसले. चातुर्मासात मगदुमांच्या घरात
कांदासुद्धा येत नाही.
मग कधी रक्त चढवलंय? सुया?

सुया! चौऱ्याऐंशी साली
ताप आला की नरसू कंपाउंडर सायकलवरून यायचा.
काचेची पिचकारी, सुई एकच,
स्टोव्हवरच्या पातेल्यात बुडवून काढलेली,
आणि बाह्या वर करून आख्खी गल्ली रांगेत.
गोळीनं तेव्हा कुणाला बरं वाटायचं नाही.
त्यातली एखादी असेल.
नसेलही. नरसू जाऊन वीस वर्षं झाली.

बाई म्हणाल्या, हा आला की वर्दी देत नाही.
काहींच्या अंगातून सहा महिन्यांत आपोआप जातो,
पुष्कळांच्या राहतो. वीस वर्षं, तीस वर्षं,
दुखत नाही, खुपत नाही.

मला हरिपूरचं पेव आठवलं.
चिंचोळं तोंड, पोटात खोलीएवढी जागा,
हळकुंडं भरायची, पाला दाबायचा, मातीनं लिंपायचं.
वर गवत उगवायचं, शेरडं चरायची.
उघडलं तरी लगेच कुणी उतरत नसे,
सासरे आधी दोरीनं कंदील सोडायचे.
विझला, तर थांबायचं.

ह्यांचा कंदील कधीचा मंद झाला होता.
दुपारी पोत्यांवरच डोळा लागायचा.
खाज सुटायची, म्हटलं हळदीची.
तळहात लाल, छातीवर कोळ्याच्या पायांसारख्या रेघा,
म्हटलं वय.
पोट पुढे आलं, दंड वाळले,
पोरं म्हणाली, अण्णा सुटले.

सुईनं साडेचार लिटर पाणी काढलं.
हे पडल्यापडल्या विचारतात, घट किती धरली?
मापाड्याची जात!

एका रात्री दोनला उठून माझ्यावर ओरडले,
काटा लाव, गाड्या उभ्या आहेत.
मला ओळखलं नाही.
दवाखान्यात गोड पातळ औषध दिलं, जुलाब झाले,
तेव्हा पहाटे म्हणाले, रत्ना, तू का रडतेस?

शेजारणीनं सांगितलं, ताट वेगळं करा.
बाई म्हणाल्या, ताटाचं काही नाही, वस्तरा तेवढा वेगळा.
मी वस्तरा वेगळ्या खिळ्याला टांगला
आणि तिच्यासमोर ह्यांच्या ताटातला भात खाल्ला.
माझीही तपासणी झाली. काही निघालं नाही.
हायसं वाटलं,
आणि हायसं वाटल्याची लाज.

चोवीस आठवडे गोळ्या. दिनदर्शिकेवर पेन्सिलीच्या फुल्या.
शेवटी रक्तात तो सापडला नाही.
गेला, बाई म्हणाल्या, पण लिव्हर गाठाळलंय,
दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका.
हे मान हलवत राहिले. त्यांना समजावायला नको.
दोन हजार पाचचा पूरही ओसरला होताच.
पेवं ढासळली ती ढासळली.

आता यार्ड बंद. सदरे पांढरे निघतात,
दोरीवर परक्याच्या घरचे वाटतात.
रोज सकाळी मी म्हणते, उजेडात या,
खालची पापणी ओढा.
ओढतात, कुरकुरत.
पांढरं आहे.
दुधासारखं नाही,
जुन्या चिनीमातीच्या कपासारखं.
चालेल.